‘शुगर’ : एक शब्द, अनेक अर्थ आणि आपला चिकित्साव्यवहार

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर ऊस उभा आहे आणि उसावर बाकीचे बरेचसे उभे आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे उच्चारली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम कारखान्याचे धुराडे येते. साखर तयार करणारी यंत्रसामग्रीदेखील इंदापूर तालुक्यातच, वालचंदनगरला, घडत आली. अशा प्रदेशात ‘शुगर’ हा इंग्रजी शब्द सर्वतोमुखी असावा यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. येथे साखरेला कोणीही शुगर म्हणत नाही. वाण्याकडे माणूस साखर मागतो, दिवाळीच्या सुमारास सभासद म्हणून सवलतीच्या दराने मिळते तीही साखरच, आणि ती जेथे तयार होते तो नुसता ‘कारखाना’. ‘शुगर’ हा शब्द लोकांनी राखून ठेवला आहे तो आपल्या दवाखान्यासाठी, प्रयोगशाळेसाठी आणि औषधांच्या दुकानासाठी. (खासगी कारखान्यांच्या नावांत ‘शुगर्स’ असते खरे, पण ते पाटीवर. बोलण्यात नाही.)

या शब्दाचा विचार करण्याचे प्रयोजन भाषाशास्त्रीय नाही. एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत हे लक्षात न आल्याने आमच्या हातून एकदा मोठी चूक होता होता राहिली. ती हकीकत पुढे येईल.

आधी शब्दाचे कुळ पाहू, कारण ते आपलेच आहे. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू, कंकर. उसाचा रस आटवून जे खडेदार द्रव्य मिळाले त्यालाही तेच नाव पडले. प्राकृतात त्याचे ‘सक्करा’ झाले आणि आपली ‘साखर’ तेथून आली. तोच शब्द पश्चिमेकडे जाताना फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, पुढे लॅटिन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत ‘शुगर’ झाला. ‘सॅकरिन’ हे १८७९ साली सापडलेल्या कृत्रिम गोडीचे नावही ग्रीक-लॅटिन वाटेने शर्करेपर्यंतच पोहोचते. गुळाचे इंग्रजी नाव ‘जॅगरी’ हेदेखील दक्षिणेतील भाषांतून पोर्तुगिजांमार्फत गेलेले शर्करेचेच रूप. ‘कँडी’च्या मुळाशी आपला ‘खण्ड’ आहे. तेव्हा साखर आणि शुगर या एकाच घरच्या दोन लेकी. एक माहेरी राहिली, दुसरी समुद्रापार जाऊन रोगाचे नाव घेऊन परत आली.

शर्करेचा मूळचा ‘खडा’ हा अर्थ आपल्या संहितांनी सोडलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. अश्मरीचे वायूने तुकडे झाले की ती मूत्रशर्करा. दातांवर साचून कठीण झालेला मल ती दंतशर्करा. क्षुद्ररोगांत शर्करार्बुद येते. यांपैकी कशाचाही गोडीशी संबंध नाही. एका तरुण वैद्याने केसपेपरवर ‘मूत्रशर्करा’ असे शुद्ध शास्त्रीय निदान लिहिले. रुग्णाने तो कागद मुलाला दाखविला, मुलाने ‘लघवीतून शुगर जाते’ असा त्याचा अर्थ लावला आणि मुतखड्याच्या त्या रुग्णाने पंधरा दिवस गोड सोडले. यात हानी काही झाली नाही. पण आपण लिहितो ते कोण, कसे वाचतो याचा हा नमुना आहे.

आता रुग्णाच्या तोंडची ‘शुगर’ पाहू. ‘मला शुगर आहे’ येथे ती रोग आहे. ‘शुगर काढून आणली’ येथे ती तपासणी. ‘शुगर दोनशे आहे’ येथे ते मोजमाप. ‘शुगर बंद केली’ येथे ती, क्वचित, खाण्याची साखर. पण रोजची गोळी बंद केल्यावरही तोच शब्दप्रयोग आम्ही ऐकलेला आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए१सी. ‘शुगरची गोळी’ म्हणजे मधुमेहाची गोळी. पण चहात टाकावयाची बिनसाखरेच्या गोडीची गोळी हीदेखील पुष्कळांच्या लेखी शुगरचीच गोळी. औषधविक्रेत्याच्या काउंटरवर ‘शुगरची गोळी द्या’ एवढेच वाक्य आले तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कपाटाकडे हात जाता कामा नये.

आकड्यांचा घोळ वेगळाच आहे. ‘शुगर सात आहे’ असे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस सांगत होते. एचबीए१सी ७ टक्के असेल तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरावी लागते. परंतु त्यांच्या परदेशस्थ मुलाने आणून दिलेले यंत्र मिलिमोलमध्ये मोजणारे होते. त्या मापातील सातला १८ ने गुणले की १२६ येतात, आणि ते उपाशीपोटीचे असतील तर तो मधुमेहाच्या निदानाचा उंबरठाच आहे. आकडा एकच, अर्थ दोन, आणि सांगणाऱ्याला दोन्ही ठाऊक नाहीत.

आणि मग ‘शुगर कमी झाली’ हे वाक्य. वर ज्या चुकीचा उल्लेख केला ती येथली.

इंदापूर तालुक्यातील एक साठीचे शेतकरी आमच्याकडे औषध घेत असत. आधुनिक चिकित्सकाने दिलेली ग्लिमेपिराईडची गोळी चालू होती, जोडीला आमचा गुडमारयुक्त चूर्णाचा योग. ऊसतोडीचे दिवस होते, टोळी शेतात आलेली, त्यांच्या जेवणाची वेळ राहिली नव्हती. एका संध्याकाळी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. दवाखान्यात गर्दी होती. “डॉक्टर, आबांची शुगर बरीच कमी झालीय,” तो म्हणाला. महिनाभर आम्ही याच वाक्याची वाट पाहत होतो! “छान झालं, औषध तसंच चालू ठेवा,” असे म्हणून आम्ही फोन ठेवला. आकडा विचारला नाही, वेळ विचारली नाही, आबा कसे आहेत हेही विचारले नाही.

पाऊण तासाने पुन्हा फोन. आबांना दरदरून घाम फुटला आहे, हात कापताहेत, असंबद्ध बोलताहेत. यंत्राने दाखविलेला आकडा ५२ होता. पहिल्या फोनच्या वेळी तो ६४ होता. शुद्धीवर आहेत, गिळता येते आहे, एवढे विचारून आम्ही तत्काळ साखरपाणी द्यावयास सांगितले. पलीकडून उत्तर आले, “दिलंय की, मघाशीच चहा दिला गोड करून.” तो चहा बिनसाखरेच्या गोळ्या टाकून गोड केलेला होता. घरात साखर नव्हतीच. ‘शुगर बंद करा’ हा सल्ला आमचाच. तो घरातल्या सर्वांनी मनापासून पाळला होता. चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या त्या घरात साखरेचा एक दाणा नव्हता. शेवटी टोळीच्या कोपीवरून गूळ आणला, त्याचे पाणी दिले, आणि पंधरा-वीस मिनिटांत आबा ताळ्यावर आले. ग्लिमेपिराईडसारख्या गोळीचा परिणाम लांबतो व साखर पुन्हा उतरू शकते म्हणून त्यांना जेवू घालून त्याच रात्री बारामतीस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवविले. सकाळी ते घरी आले.

मुलाची यात चूक नव्हती. त्याने शब्द बरोबर वापरला होता. ‘कमी’ या शब्दाने रोग हटल्याचेही सांगता येते आणि जीव धोक्यात असल्याचेही; कोणते ते विचारणे आमचे काम होते. येथेच आणखी एक स्पष्टोक्ती केली पाहिजे. गुडमार चघळल्यावर जिभेची गोडीची जाणीव काही काळ जाते, त्यावरूनच त्या वनस्पतीस हे नाव मिळाले. पण तिचे कार्य जिभेपुरते मर्यादित नाही. रक्तशर्करा उतरविणारी आपली द्रव्ये आणि आधुनिक गोळी एकत्र चालू असताना, जेवणाची वेळ चुकली, तर दोघांचे बळ एकत्र येते. ‘आयुर्वेदिक औषधाने काही होत नाही’ हे वाक्य विक्रेत्यांनी सौजन्यापोटीही उच्चारू नये. ज्याने काही होत नाही ते औषध आपण विकावे तरी कशाला?

औषधी कल्पांतील शर्करेचाही हिशेब आपण क्वचितच मांडतो. सितोपलादि चूर्णात ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर. दिवसातून तीन वेळा तीन-तीन ग्रॅम दिल्यास साडेचार ग्रॅमांच्या वर साखर पोटात जाते, म्हणजे एक लहान चमचा. शार्ङ्गधराच्या पाठातील तालीसादि चूर्णात तर ४८ भागांत ३२ भाग शर्करा. हे प्रमाण थोड्या दिवसांच्या कासासाठी फार भयंकर नाही, परंतु रुग्णाला ते सांगितलेले असावे. अवलेहांची गोष्ट मात्र वेगळी. तेथे साखर हे अनुपान नसून कल्पाचे शरीरच आहे. चरकाच्या च्यवनप्राशातही मत्स्यण्डिका आहेच. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘शुगर बेस क्यू. एस.’ असे छापलेले असते. क्यू. एस. म्हणजे पुरेसे तेवढे. ते किती, हे रुग्णाला कळत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही कळत नाही. आसवारिष्टांतील गुळाचा बराचसा भाग संधानात खर्च होतो हे खरे, पण सगळा होतो असे गृहीत धरू नये. ‘साखर नाही, गूळ आहे’ या समजुतीवर तर किती वेळ घालवावा! गुळात क्षार, खनिजे असतील. त्याचा मुख्य घटक साखरेचाच आहे. त्या रात्री आबांच्या कामी तो म्हणूनच आला.

‘शुगर फ्री’ या दोन शब्दांचे तीन अर्थ आम्ही मोजले. एक, त्या नावाचे व्यापारी उत्पादन. दोन, कोणत्याही उत्पादनावरील साखर नसल्याचा दावा. तीन, रुग्णाच्या समजुतीप्रमाणे ‘शुगर असणाऱ्यांना चालणारे’, किंबहुना शुगर घालविणारे. पहिल्या दोहोंतून तिसरा निघत नाही. बिनसाखरेच्या बिस्किटांत पीठ असते, स्निग्ध असते. आणि पीठ रक्तात जाऊन शेवटी काय होते हे आपण जाणतो.

शास्त्रदृष्ट्या सर्वांत मोठी हानी ‘शुगर’ने केली असेल तर ती निदानात. आपल्याकडे प्रमेह वीस : दहा कफज, सहा पित्तज, चार वातज. कफज साध्य, पित्तज याप्य, वातज असाध्य. सुश्रुतांनी सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद करून पहिला कृश व रूक्ष, दुसरा प्रायः स्थूल असे वर्णिले आहे. दुर्लक्षिलेले सर्व प्रमेह कालांतराने मधुमेहत्व पावतात असेही सांगितले. आता समोर दोन रुग्ण येतात. एक चाळिशीचा, पोट सुटलेला, दुचाकीवरून पाय खाली न टेकणारा, एचबीए१सी ६.८. दुसरा चौदा वर्षांचा काडीसारखा मुलगा, निदान झाल्यापासून इन्सुलिनवर असलेला. दोघेही म्हणतात ‘शुगर आहे’. पहिल्याला आहार, व्यायाम, शोधन, औषधी यांनी खूप काही देता येते, आणि तेथे वैद्याने आत्मविश्वासाने उभे राहावे. दुसऱ्याचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे काही दिवसांत त्याच्या जिवाशी खेळ आहे. पहिल्याचा अनुभव दुसऱ्याच्या पालकांच्या कानी ‘अमक्याची शुगर गेली’ एवढ्याच शब्दांत पोहोचतो. भेद पोहोचत नाही, कारण तो शब्दातच नाही.

यासाठीच दुकानांवरील फलकांविषयी आमचे मत कठोर आहे. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. त्यावरील उपचाराचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. ‘आम्ही मधुमेह लिहिले नाही, शुगर लिहिले’ असा युक्तिवाद एका विक्रेत्याने आमच्यापुढे केला. वाचणाऱ्याला जो अर्थ कळावा म्हणून तो शब्द निवडला, तो अर्थ त्यात नाही असे म्हणता येणार नाही.

शब्द बदलणे आपल्या हाती नाही. लोक शुगर म्हणतात, म्हणोत. आम्हीही रुग्णाशी बोलताना तोच शब्द वापरतो; मधुमेह म्हटले की पुष्कळजण ‘म्हणजे शुगर ना?’ असे विचारतात, मग त्यात वेळ कशाला दवडावा. परंतु त्या प्रसंगानंतर केसपेपरवर ‘रक्तशर्करा’ या मथळ्यापुढे आकडा, माप, तपासणीची वेळ आणि शेवटचे जेवण अशा चार जागा आखून घेतल्या. दूरध्वनीवर ‘कमी’ हा शब्द आला की पहिला प्रश्न आकड्याचा, दुसरा घामाचा. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला ‘खाण्याची साखर बंद, पण डब्यात थोडी राहू द्या, थरथर, घाम, अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय’ असे मराठीत लिहून देतो. औषधविक्रेत्यांनी ही चिठ्ठी छापून काउंटरवर ठेवावी. बारामतीतील दोघा-तिघांनी ती ठेवली आहे, आणि त्यांतील एकाने तिच्याशेजारी पाव किलो साखरेची एक बरणीही ठेवली आहे.