काचेच्या बशीतले बहुरूपी

नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीवर उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. पिल्लं करडी असतात. रंग चढतो तो पोटात गेलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. जीवाणूंच्या रंगरूपाचीही गंमत अशीच आहे. नवी मुंबईकराला कॉलनी म्हटलं की सिडकोची आठवते. प्रयोगशाळेतली कॉलनी म्हणजे एका जीवाणूपासून वाढून नुसत्या डोळ्यांना दिसू लागलेला लाखोंचा ठिपका. त्याचं रूप जातकुळीवर ठरतं, तसंच खाणं, ऊब आणि जागा यांवरही!

मोरीतला गुलाबी पाहुणा
पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीभोवती गुलाबी, बुळबुळीत थर धरतो ना? तो बऱ्याचदा 'सेरेशिया मार्सेसेन्स' नावाचा जीवाणू असतो. साबण-शाम्पूच्या उरल्यासुरल्या अंशांवर पोसलेला. २५ ते ३० अंश सेल्सिअसला तो लालभडक होतो. ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला ठेवला, की पांढराफटक! १८१९ मध्ये इटलीत पडुआजवळ मक्याच्या लापशीवर यानेच 'रक्त' उमटवून गाव घाबरवलं होतं.

एकच जीव, तीन पोशाख
आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू साध्या पोषक आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, मळकट पांढरा दिसतो. मॅकॉन्की आगरवर तोच गुलाबी होतो. त्यातली दुधाची साखर खाऊन तो आम्ल सोडतो आणि आम्लाने माध्यमातला रंग पालटतो. इओसिन-मेथिलीन ब्लू आगरवर तर अंगावर हिरवी धातूची झळाळी! टायफॉइडच्या जीवाणूला ही साखर पचत नाही, म्हणून मॅकॉन्कीवर तो बिनरंगी राहतो आणि ई. कोलायपासून तिथेच वेगळा पडतो.

तुपाला लटकलेला प्लेग
सगळ्यांत अस्सल मुंबईचा किस्सा हा. १८९६ च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस शोधत होते. त्यांनी मांसाच्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. भांडं अजिबात न हलवता ठेवलं, की प्लेगचे जीवाणू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. भांडं हलवलं की झुंबर तुटून तळाशी, आणि वर नवं तयार! या लोंबत्या वाढीवरून प्लेगचा जीवाणू ओळखताही यायचा. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

फालुद्याची कृपा
जीवाणू वाढवायला पूर्वी जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की त्याचं पाणी व्हायचं. ३७ अंशांची तर बातच नको. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातला आगर सुचवला. आपण फालुद्यात घालतो तो चायना ग्रास हाच. एकदा थिजला की साधारण ८५ अंशांपर्यंत हलत नाही. मे महिन्यातल्या तुर्भ्यालाही पुरून उरेल!

लाटांवर लाटा
'प्रोटियस' हा जीवाणू ओलसर आगरवर ठिपक्यात मावतच नाही. थोडं धावायचं, थोडं थांबायचं, पुन्हा धावायचं, अशाने बशीभर एकात एक वर्तुळं उमटतात. तळ्यात खडा टाकावा तशी. आगर घट्ट केला किंवा पित्तक्षार घातले, की स्वारी गपगार.

उपासात नक्षी
'बॅसिलस सबटिलिस' या जीवाणूला मऊ आगर आणि पोटभर खाणं द्या, कॉलनी गोल गरगरीत होते. खाणं तोडा, आगर कडक करा, की तिला फांद्या फुटतात. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात दिसणाऱ्या फाट्यांसारख्या. अन्न जिकडे शिल्लक, तिकडे बोटं पसरतात.

हार्बर लाइनचा नियम
बशीत गर्दी झाली की कॉलन्या चिमुकल्या राहतात. एकटीला मोकळी जागा मिळाली की तीच ऐसपैस फुगते. पनवेलला बसलेल्या प्रवाशाला हे वेगळं सांगायला नको!

बशी नव्हे, अख्खं सरोवर
जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मीठप्रेमी 'हॅलोआर्किया' सापडले. हे जीवाणू नव्हेत, पण दिसायला त्यांचे चुलतभाऊ. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचा गुलाबी रंग सरोवरभर पसरला.

म्हणूनच प्रयोगशाळेत नुसता 'कॉलनी लाल' असा शेरा चालत नाही. कोणत्या माध्यमावर, किती अंशांना, किती तासांनी, हेही लिहावं लागतं. पुढच्या वेळी कल्चर रिपोर्टला दोन-तीन दिवस लागले तर वैतागू नका. बहुरूप्याचं सोंग उतरवायला तेवढा वेळ लागायचाच. तोवर मोरीतल्या गुलाबी पाहुण्याला ब्रश दाखवून या!