बेस गिटारच्या दांडीचे गणित

वाद्यवृंदात खर्जाचे सूर देणारी विजेवरची बेस गिटार तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’ या गिटारची दांडी लाकडी धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. स्क्रू काढले की दांडी सुटते. मग हात लहान असलेल्या वादकाने तिच्या जागी आखूड दांडी बसवली तर? जोडणी सोपी आहे; पण सूर जुळतील का?

या गिटारच्या तारेचा कंप पावणारा भाग, म्हणजे दांडीच्या टोकावरील खाचांच्या पट्टीपासून धडावरील घोडीपर्यंतचे अंतर, ३४ इंच असते. फेंडर कंपनीच्याच १९६६ च्या ‘मस्टँग बेस’मध्ये ते ३० इंच आहे.

ताण तोच ठेवून तारेची लांबी निम्मी केली, की कंपनसंख्या दुप्पट होते आणि वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. गिटारवर एका सप्तकाचे बारा समान अर्धस्वर पाडलेले असतात. म्हणून प्रत्येक पडद्याचे घोडीपासूनचे अंतर आधीच्या अंतराला १.०५९५ ने भागून काढतात. हा भागाकार बारा वेळा केला, की अंतर निम्मे होते. अर्थात बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे पडदे दांडीत पक्के बसवलेले असतात.

आता समजा, ३० इंची दांडी बसवली आणि घोडी ३० ऐवजी ३१ इंचांवर राहिली. बारावा पडदा दांडीच्या टोकापासून १५ इंचांवरच आहे. त्याच्यापुढे तार उरते १६ इंच. ३१ भागिले १६ म्हणजे १.९३७५, दोन नव्हे! मोकळी तार ४१.२ हर्ट्झला लावली असेल, तर बाराव्या पडद्यावर ८२.४ ऐवजी ७९.८ हर्ट्झचा सूर निघेल. तो अर्ध्या अर्धस्वराहूनही अधिक उतरलेला, म्हणजे सरळ बेसूर! घोडीवरचे स्क्रू फिरवून थोडाच फरक भरून काढता येतो, इंचभर नाही.

मग उपाय काय? ३४ ला १.०५९५ ने दोनदा भागा. उत्तर येते ३०.३. म्हणजे लांब दांडीचा दुसरा पडदा दाबला, की तार जवळजवळ ३० इंची होते. म्हणूनच घोडी न हलवता बसणाऱ्या आखूड दांडीवर साधारण दोन पडदे कमी असतात. ती घेण्यापूर्वी पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे आणि तेथून घोडीपर्यंतचे अंतर जवळपास सारखे येईल ना, हे मोजावे. तार दाबताना किंचित ताणली जाते, म्हणून दुसरे अंतर थोडेसेच जास्त ठेवतात.

आणखी एक गोष्ट. सूर तोच आणि तार तीच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३० आणि ३४ च्या वर्गांचे गुणोत्तर ०.७८, म्हणजे ताण सुमारे २२ टक्के कमी. तारा ढिल्या वाटतात, म्हणून थोड्या जाड तारा लावतात.

शाळेतील स्वरमापीवर हे पडताळून पाहा. तारेची लांबी प्रथम ६२ सेंटिमीटर ठेवून छेडा, मग ३२ आणि शेवटी ३१ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरचा फरक तुमच्या कानालाच कळेल!