लेसर-प्रणोदित वायुश्वासी हायपरसॉनिक याने

ध्वनीच्या पाचपटींहून अधिक वेगास हायपरसॉनिक वेग म्हणतात. इस्रोने 28 ऑगस्ट 2016 रोजी चाचणी घेतलेल्या स्क्रॅमजेट इंजिनाने ऑक्सिजन वातावरणातून घेतला. हायड्रोजन मात्र सोबत न्यावा लागला. आर्थर कँट्रोविट्झ यांनी 1972 मध्ये मांडलेल्या लेसर-प्रणोदनाच्या कल्पनेत ऊर्जास्रोतच जमिनीवर राहतो. यानाचा आरशासारखा तळ लेसरचे स्पंद कडेशी एकवटतो. तेथील हवेचा प्लाझ्मा होऊन ती स्फोटासारखी प्रसरण पावते व यानास रेटा मिळतो. ताजी हवा आत शिरताच पुढचा स्पंद येतो.

लीक मायराबो यांचे 12.2 सेंमी व्यासाचे ‘लाइटक्राफ्ट’ 2 ऑक्टोबर 2000 रोजी अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथे 10 किलोवॅट लेसरवर 71 मीटर उंच गेले. कोल्हापूरजवळील जोतिबाच्या डोंगरापुढे ही उंची किरकोळच! शिवाय त्या उड्डाणात प्लास्टिकही झिजवले गेले. त्यास निव्वळ वायुश्वासी म्हणणे अतिशयोक्त ठरेल. हायपरसॉनिक प्रवाहातील प्रयोग पुढे ब्राझीलमधील आघात-बोगद्यात झाले, आकाशात नव्हे.

खरी अडचण शलाकेची आहे. चैत्र यात्रेत जोतिबावर उधळलेल्या गुलालातून ऊन जसे विखुरते, तशी धूळ व ढगांतून शलाकाही विखुरते. आणि कक्षेत जाण्यास तर प्रतिकिलो सुमारे 1 मेगावॅट लेसरशक्ती लागेल, असा अंदाज मांडला जातो.