हस्तनिर्मित पुस्तक-कार्यशाळा : साहित्याची पूर्वतयारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मग्रामांच्या सभागृहांतून मुलांसाठी निरनिराळ्या कार्यशाळा भरविल्या जातात. गिरगाव, दादर, परळ व लालबाग परिसरातील जे बंधुभगिनी हाताने पुस्तक बांधण्याची कार्यशाळा घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत. पुस्तक बांधण्याची कृती दोन-तीन तासांत शिकविता येते. परंतु बांधलेले पुस्तक टिकणार की नाही, हे मुले सभागृहात येण्यापूर्वीच, साहित्य निवडताना व कापताना ठरून गेलेले असते.

टिकण्याचा हा प्रश्न आपणांस परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. अशाच प्रतींच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी तो १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापून काढला. आपल्या घरांतही आजीची गीतांची किंवा प्रार्थनांची वही असते आणि बहुधा तिची पाने सुटलेली असतात. मुलांनी बांधलेल्या वहीत ती उतरवून घ्यायची असेल, तर ती नवी वही जुनीपेक्षा अधिक काळ टिकावयास हवी.

यासाठी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात. कागद ओला झाला की तंतू लांबीने फारसे वाढत नाहीत, जाडीने मात्र फुगतात. म्हणून तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असावे लागतात. ते आडवे गेल्यास खळ लावताच पाठीजवळ लाटा उठतात, आणि पुस्तक नीट उघडत नाही व मिटतही नाही. दिशा ओळखणे सोपे आहे. कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा; ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीला तंतू समांतर असतात. शंका राहिल्यास चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. त्याची जी गुंडाळी होते, तिच्या लांबीच्या दिशेने तंतू असतात.

नेहमीच्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूने असतात. तो मधोमध दुमडून वही केली की ते नेमके आडवे येतात! म्हणून ए-थ्री कागद घ्यावा, वरीलप्रमाणे तपासावा, त्याचे मधोमध दोन भाग करावे आणि मग दुमडावे. पाच-पाच कागदांचे चार जुज धरल्यास ८० पृष्ठांची वही होते व तीस दहा ए-थ्री कागद लागतात. २४ मुलांसाठी २४० कागद, म्हणजे अर्धे रीम पुरते. दहा कागद तर उरतातच. पुठ्ठ्यालाही तंतूंची दिशा असते. दोन मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा आणून तोही त्याच नियमाने कापावा.

कागद व पुठ्ठ्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळील अब्दुल रहमान स्ट्रीट सोयीची आहे. जवळच काळबादेवीला जावजी दादाजींच्या 'निर्णयसागर' छापखान्याचा मोठा लौकिक होता. जुजबंदी हा शब्दही छापखान्यांच्या व बाइंडरांच्या व्यवहारातलाच आहे. वेष्टनासाठी दादर-परळकरांना हिंदमाता परिसरात साधे सुती कापड मिळते. मात्र ते तसेच वापरू नये, कारण खळ आरपार उतरून डाग पडतात. आदल्या दिवशी त्याच्या मागे पातळ कागद चिकटवून वाळवून ठेवावा.

खळीसाठी एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. मग एकूण पाच-सहा वाट्या पाणी होईल अशा बेताने पाणी घालून, पारदर्शक छटा येईपर्यंत मंद आचेवर सतत ढवळावे. नाताळचे कंदील घरी करणाऱ्यांना हे सांगावयास नको. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. तो विषारी असल्याने मुलांच्या कार्यशाळेत मुळीच वापरू नये; त्यापेक्षा त्याच दिवशी ताजी खळ करावी.

दोरा जाड, सुती असावा व तो मेणावर ओढून घ्यावा. २१ सेंटिमीटर उंचीच्या चार जुजांना ८४ सेंटिमीटर दोरा लागतो. गाठींसह प्रत्येकी सव्वा मीटर कापून ठेवावा. छिद्रे दाभणाने मोठ्यांनीच आधी पाडावीत. त्यासाठी पाच खुणांची पुठ्ठ्याची पट्टी करावी, म्हणजे सर्व जुजांची छिद्रे एका रेषेत येतात. लहान मुलांच्या हाती केवळ बोथट सुई द्यावी.

पावसाळ्यात हा कार्यक्रम ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या दमट हवेत खळ वाळत नाही आणि दोन दिवसांत बुरशी धरते. इतर दिवसांतही चिकटविलेली वही किमान एक रात्र वजनाखाली राहावयास हवी. त्यामुळे पहिल्या रविवारी शिवण व वेष्टन करून वह्या सभागृहातच, मधे कोरे कागद घालून, सपाट फळ्या व विटांखाली ठेवाव्यात. मुले त्याच दिवशी वही घरी नेण्याचा हट्ट धरतील. ती पुढील रविवारीच मिळेल, हे त्यांना आरंभीच सांगून ठेवावे.