खिशातला स्वस्त कान

डोक्यात आलेली गोष्ट कागदावर उतरेपर्यंत हवेत विरते? मग खिशात एक छोटा टेप ठेवा. कोणता, कितीचा आणि काय बघून घ्यायचा, ते वाचा!

आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी म्हणजे अर्धा दिवस एसीत आणि अर्धा दिवस सिमेंटमध्ये. साइटवर एका हातात मेजरिंग टेप, दुसऱ्या हातात टॉर्च. मग ‘बेडरूमच्या खिडकीला फट, बाथरूमचा उतार उलटा’ हे लिहायचं कुठल्या हाताने? आणि फ्लॅटचा ताबा घेण्याआधी ही यादी नीट झाली नाही, तर पावसाचं पाणी क्लायंटच्या घरात आणि बोलणी माझ्या वाट्याला!

तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे ना! आहे की. पण तो काढा, अनलॉक करा, ॲप शोधा... तेवढ्यात ग्रुपवर कुणाच्या तरी बड्डेचा केक दिसतो आणि खिडकी डोक्यातून गेलेली असते. मला हवं होतं एका बटणाचं यंत्र. अंगठ्याने दाबलं की चालू, सोडून दिलं की विषय संपला. बजेट अडीच हजार. चला ग्रँट रोड!

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतं कोण?) एका गाळ्यात जुन्या चार्जरच्या ढिगाऱ्यात मायक्रोकॅसेट रेकॉर्डर सापडला. तळहाताएवढा, एकदम क्यूट! ऑलिम्पसने १९६९मध्ये आणलेली ही छोटी कॅसेट. एकेकाळी पत्रकार, डॉक्टर, वकील सगळ्यांच्या खिशात असायची. मोठ्या कंपन्यांचे नवे रेकॉर्डर आता येत नाहीत, त्यामुळे मिळेल तो वापरलेलाच. म्हणूनच दुकानात जाताना दोन सेल आणि एक कॅसेट स्वतःची न्या. ‘चालतो मॅडम, फक्त सेल नाहीत’ या वाक्यावर पैसे काढायचे नाहीत.

आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी पावडर किंवा हिरवा गंज दिसला तर ठेवून द्या. मग एक ते वीस आकडे बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. आवाज ओढल्यासारखा किंवा डुलत येत असेल, तर बहुतेक आतला रबरी बेल्ट सैल झालाय. जुने बेल्ट कधी कधी विरघळून डांबरासारखे चिकट होतात. काढणारा मेकॅनिक मिळतो, पण त्या मापाचा नवा बेल्ट शोधताना दमछाक होते. आवाज कार्टूनसारखा चिरका आला तर मात्र घाबरू नका, आधी स्पीडचं बटण बघा. बऱ्याच मॉडेल्सना दोन वेग असतात, सेकंदाला २.४ आणि १.२ सेंटिमीटर. साठच्या कॅसेटची एक बाजू पहिल्यावर ३० मिनिटं चालते, दुसऱ्यावर ६०. हळू वेगावर रेकॉर्ड करून जलद वेगावर ऐकलं की कुणाचाही आवाज तसाच येणार!

आणखी एक घोळ. फिलिप्सची १९६७ची मिनीकॅसेट दिसायला सेम टू सेम, पण एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालत नाही. मशीन घेताना त्याचीच कॅसेट मागून घ्या, जमलं तर फुकटात.

‘त्यापेक्षा नेहमीच्या मोठ्या कॅसेटचा रेकॉर्डर घेते, घरी कॅसेटी पडल्यात’ असा विचार असेल, तर थांबा. मी आईच्या कपाटातली एक कोरी वाटणारी कॅसेट आधी ऐकून बघितली. ‘ए’ बाजूला नुसती खरखर. ‘बी’ बाजूला आजोबा माझ्याकडून बेचा पाढा म्हणून घेतायत, मधेच खोकतायत, मागे कुकरची शिट्टी. आजोबांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे. टेपवर नवीन रेकॉर्ड केलं की जुनं पुसलं जातं, तिथे रिसायकल बिन नसतो. तेव्हा दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. जपायची असेल ती कॅसेट घ्या आणि वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

आता डिजिटल. ऑनलाइन बाजारात स्वस्त रेकॉर्डरांचा पूर आहे आणि बॉक्सवर ठळक अक्षरात ‘१५३६ केबीपीएस’! भारी वाटतं ना? हा फक्त गुणाकार आहे: सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. माइक भिकार असेल तर भिकार आवाजच मोठ्या फाइलमध्ये साठतो, आणि ४ जीबीत सहा तासही बसत नाहीत. बोलण्यासाठी १२८ केबीपीएसची एमपी३ पुष्कळ झाली. त्याच ४ जीबीत साठ तासांहून जास्त मावतं.

बघायचं ते बटण. न बघता, खिशातल्या खिशात सापडलं पाहिजे. सेल बदलता येणारे असावेत, कारण साइटवर चार्जिंगला प्लग कोण देणार? आवाज आला की आपोआप सुरू होणारी सोय बंदच ठेवा. ती जागी होईपर्यंत पहिलं अक्षर गिळते. ‘सव्वातीन फूट’चं ‘तीन फूट’ झालं की सुतार तीनच कापणार! आणि तारीख-वेळ पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर दोनशे फाइल्समध्ये मंगळवार कुठला ते शोधत बसाल.

मी शेवटी वापरलेला डिजिटल घेतला, चौदाशेला, सरकतं बटण असलेला. आमच्या ऑफिसातल्या मित्राने तोच मायक्रोकॅसेटवाला उचलला आणि तो खूश आहे. त्याचं म्हणणं, बाजू भरली की उलटण्याआधी ऐकावंच लागतं, म्हणून त्याच्या नोट्स त्याच दिवशी वहीत उतरतात. माझ्या मात्र शुक्रवारपर्यंत साठतात. पॉइंट आहे त्याचा!

बोलताना यंत्र तोंडासमोर धरू नका, हनुवटीखाली धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटाके फुटत नाहीत. आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवणार असाल तर आधी विचारा. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने लाल दिवा बघितला आणि चहा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.