वेगात डुलणारी मोटारसायकल

उभी केलेली मोटारसायकल आधार काढताच आडवी होते. तीच एकदा धावू लागली म्हणजे स्वाराने हँडल सैल धरले तरी सरळ जाते. ही गोष्ट नित्याच्या पाहण्यातली असल्यामुळे तिचे कोणास फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते, आणि धडकीही भरते, ती पुणे-बेळगाव महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर काटा ८० च्या जवळ जाताच तीच गाडी अकस्मात डुलू लागते तेव्हा. स्वार गॅरेज गाठतो. एक मिस्त्री टायर बदलावयास सांगतो, दुसरा कोनसेट बदलतो, तिसरा चाकाचा आऊट काढून देतो. पैसे जातात आणि गाडीची खोड तशीच राहते. याचे कारण असे की गॅरेजमध्ये या सर्वच प्रकारांना 'वॉबल' हे एकच नाव मिळालेले आहे. पण एका नावाखाली निरनिराळी दुखणी नांदत आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चक्क बाधते.

गाडी धावताना उभी का राहते, हा प्रश्न गणितज्ञांना पूर्वीपासून खुणावीत आला. १८९९ साली इंग्लंडमधील फ्रान्सिस व्हिपल याने सायकलच्या गतीची समीकरणे मांडली. चाके भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून गाडी तोल सांभाळते, हा समज पुष्कळ दिवस रूढ होता, व तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु १९७० साली डेव्हिड जोन्स या शास्त्रज्ञाने सायकलला उलट दिशेने फिरणारे एक जादा चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला, तरी ती सायकल चालविता आलीच! गाडीच्या स्थैर्यात पुढच्या चिमट्याच्या तिरकेपणाचाही वाटा असतो. हँडलाच्या दांड्याची रेषा तशीच खाली जमिनीपर्यंत वाढविली, तर ती जेथे टेकेल त्याच्या मागे, मोटारसायकलीत बहुधा चारेक इंचांवर, चाक जमिनीस टेकते. म्हणून चाक दांड्याच्या मागून ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते.

इस्पितळातील ढकलगाडीची लहान चाके याच तत्त्वावर वळतात. ती गाडी कोणी घाईने ढकलीत नेली तर तिचे एखादे चाक पिसाटासारखे फडफडू लागते, हे अनेकांनी पाहिले असेल. मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाचेही तसेच होऊ शकते, आणि खरी थरथर ती हीच. हँडल दर सेकंदास सहा ते दहा वेळा डावी-उजवीकडे झटके खाते. मागचा भाग त्या मानाने शांत असतो. दुसरा प्रकार नागमोडी हेलकाव्याचा. त्यात हँडल, चौकट, मागचे चाक व स्वार ही सगळीच एका तालात डुलतात, आणि तो ताल सेकंदास दोन ते चार झोक्यांचा असतो. १९७१ साली रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलीच्या स्थैर्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही कंप, तसेच कंप न होता गाडी हळूहळू एका बाजूस कलत जाण्याचा तिसरा प्रकार, गणिताने स्वतंत्रपणे दाखविले आहेत. त्या सुमारास होंडा आणि कावासाकी या जपानी कंपन्यांची बलाढ्य यंत्रे जगाच्या बाजारात उतरली होती. त्यांतील कावासाकीची १९६९ ची ५०० घनसेंटिमीटरची गाडी तर वेगापेक्षा डुलण्याबद्दलच बदनाम झाली. इंजिन पुढे गेले होते, चौकट मागे राहिली होती.

सामान्य स्वारास समीकरणांची गरज नाही. झोके मनातल्या मनात मोजता आले तर तो हेलकावा. मोजण्यापूर्वीच निसटत असतील तर ती थरथर. थरथर पुष्कळदा मध्यम वेगात, अॅक्सिलरेटर सोडून गाडी मंदावत असता व हात सैल असता येते. हेलकावा मात्र वेग वाढेल तसा बळावतो, आणि अधिक घातक तोच होय, कारण हातांच्या जोराने तो आवरत नाही.

औषध कसे बाधते ते येथे पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या हँडलाच्या मधोमध एक फिरकी असे. ती आवळली की हँडल घर्षणाने जड होई. साइडकार जोडलेल्या गाडीस तिचा विशेष उपयोग. आजच्या काही वेगवान गाड्यांवर त्याच कामासाठी तेलाचा डँपर असतो. अशा योजनेने थरथर दबते हे खरे. परंतु हेलकाव्याच्या वेळी पुढच्या चाकाने मोकळेपणी वळून गाडीस सावरावयाचे असते, आणि जखडलेले हँडल नेमके तेच करू देत नाही. डँपरने एक कंप शमतो व दुसरा वाढतो, हे शार्प यांच्या गणितातूनच निघाले. कोनसेटचेही तसेच आहे. तो सैल असला तर थरथर. आणि ती घालविण्याच्या भरात मिस्त्रीने तो फाजील आवळला तर गाडी हळू वेगातसुद्धा दारू प्याल्यासारखी चालते.

आता वाऱ्याकडे वळू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारसायकलीस ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घातली; पण समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर स्वाराच्या छातीस तो वेग ११० चा भासतो, आणि दाब जवळजवळ दुप्पट होतो. निव्वळ दाबाने माणूस थकतो, गाडी डुलत नाही. त्रास होतो तो तुटक वाऱ्याचा. हँडलापुढे काच बसविली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, काचेच्या वरच्या कडेवरून निसटणारी हवा भोवरे करीत त्या पोकळीकडे ओढली जाते, आणि ते भोवरे हेल्मेटवर थपडा मारतात. आरामासाठी बसविलेली काच अशी डोकेदुखी ठरते. तिची उंची चार बोटांनी कमी केली, तिचा कोन बदलला, किंवा तिच्याखालून थोडी हवा आत येऊ दिली, तर पुष्कळदा एवढ्यानेच भागते. काच मोठी करीत जाणे हाच उपाय, असे मानणे सोयीचे असले तरी बरोबर नव्हे.

या दुखण्याची परीक्षा सोपी आहे. दिवसाउजेडी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मर्यादेच्या आतील एकाच वेगाने जात असता स्वाराने हनुवटी टाकीकडे नेऊन वाकावे. डोक्याचे हादरे तत्काळ थांबले आणि हँडल आधीपासूनच शांत होते, तर दोष काचेचा. चाकांना हात लावण्याचे कारण नाही. मात्र वाकल्यावर गाडीचे डुलणेही थांबले, तर अर्थ वेगळा. थपडांनी हैराण झालेला स्वार नकळत हँडल घट्ट आवळतो. मग वाऱ्याने हलणारे त्याचे धड ताठ हातांच्या दांड्यांतून पुढच्या चाकास हलवू लागते, आणि निरोगी गाडीही हेलकावे घेते. अशा वेळी चाके व कोनसेट बदलून काय होणार? दोष वाऱ्यापासून सुरू होऊन मनगटातून यंत्रात उतरलेला असतो. हँडलाला जोडलेली मोठी काच तर वाऱ्याचे झटके मनगटाविनाच थेट चाकास पोहोचविते.

परीक्षेत वारा निर्दोष ठरला तर तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावी. प्रथम मागच्या कॅरिअरवरील पेटी उतरवावी. मागच्या चाकाच्याही मागे लटकणारे ओझे पुढचे चाक हलके करते व हेलकाव्यास खतपाणी घालते. कित्येक गाड्या केवळ पेटी उतरविताच शहाण्या होतात. मग थंड टायरांतील हवा, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. महामार्गावर सतत धावणाऱ्या गाडीचे मागचे टायर मध्यभागी चपटे होते, तेही पाहावे. नंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, चिमट्याची खालची टोके धरून पुढेमागे ढकलावी. टकटक जाणवली तर कोनसेट सैल. हँडल सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे नेताना मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटले तर तो झिजला, आवळून उपयोग नाही. मागचे चाक अधांतरी करून आडवे हलविले असता खेळ आढळला, तर स्विंगआर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या न ठेवल्यामुळे मागचे चाक तिरपे बसते, हा दोष फार आढळतो. शॉकअब्सॉर्बर सर्वांत शेवटी, कारण ते सर्वांत महाग.

हे सर्व गाडी उभी असतानाचे. ती धावता धावता डुलू लागली तर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये आणि वेगही वाढवू नये. अॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा, गुडघ्यांनी टाकी आवळावी, धड पुढे झुकवावे. हात हँडलावर असावेत, पण सैल. भ्यालेल्या माणसास हात सैल सोडण्यास सांगणे कठीण, हे मान्य. म्हणूनच ती सवय शांत रस्त्यावर कमी वेगात आधीच लावून घ्यावी लागते.

दुरुस्तीनंतर परीक्षा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने घ्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाचा हे कळत नाही. जाताना डुललेली गाडी येताना शांत आली, तर त्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा होता ते आठवावे, आणि दुसऱ्या दिवशी वारा पडलेला असता पहाटेस तीच फेरी पुन्हा करावी.