पाठीतलं पाणी आणि पहिलं इंजेक्शन

मेंदूज्वराचा संशय आला की, "इथे काही होणार नाही, आधी मोठ्या दवाखान्यात न्या," असं नातेवाईक म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरही. न्यायला हरकत नाही, पण पहिलं इंजेक्शन देऊनच. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात उपचार मिळाले नाहीत तर निम्मे रुग्ण दगावू शकतात. प्रवासात गेलेले चार-पाच तास नंतर कुठल्याही आयसीयूत भरून निघत नाहीत.

हे सगळ्यात ठळकपणे शिकवलं ते आफ्रिकेतल्या 'मेंदूज्वर पट्ट्याने'. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या या भागात कोरड्या, धुळीच्या महिन्यांत साथ येते. १९९६-९७ मध्ये तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार गेले. खेड्यातल्या केंद्रात एखादी नर्स असते. सीटी स्कॅन नसतो, सलाइन लावायची सोयही अनेकदा नसते. सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक मात्र शिरेतच द्यावं लागतं असं नाही, ते स्नायूतही देता येतं. २००३ मध्ये नायजरमधल्या साथीत त्याच्या एकाच डोसची तुलना जुन्या तेलकट क्लोरॅम्फेनिकॉलशी केली आणि दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. आता साथीत पाच दिवसांचा कोर्स सुचवला जातो. बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान आणि व्हिएतनाममधल्या मुलांवरच्या अभ्यासातही हेच दिसलं: पाचव्या दिवशी प्रकृती स्थिर असेल, तर पाच दिवसांचा उपचार दहा दिवसांपेक्षा उणा पडत नाही. अगदी तान्ह्या बाळांचा हिशेब वेगळा.

"पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो." हा समज आपल्याकडेही घराघरांत आहे आणि त्यापायी मेंदूज्वर ओळखण्यासाठीच्या या तपासणीला नकार दिला जातो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. थेंब थेंब पाणी बाटलीत जमतं. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. पांगळेपण येतं ते आजारामुळे, पण तपासणी आधी झालेली असल्याने दोष सुईवर जातो. प्रयोगशाळा नसली तरी हे पाणी वाया जात नाही. बाटली उजेडात धरायची. निरोगी पाणी नितळ असतं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं तर अहवालाची वाट बघायची गरज नाही. नितळ दिसलं म्हणून मात्र आजार नाही असं समजू नये. रुग्ण शॉकमध्ये असेल किंवा मेंदूवर दाब वाढल्याची लक्षणं असतील, तर तपासणी पुढे ढकलतात, इंजेक्शन नाही.

"मान आखडलेली नाही, म्हणजे मेंदूज्वर नाही." तान्ह्या बाळाची मान बहुधा आखडतच नाही. दूध न ओढणं, सुस्ती, चिरकं रडणं, आकडी, वर आलेली टाळू याकडे बघावं. आणि रक्तात मलेरिया निघाला म्हणून निर्धास्त होऊ नये. मलेरियाच्या प्रदेशात दोन्ही एकत्र असू शकतात.

स्टिरॉइडचा फायदाही सगळीकडे सारखा नाही. युरोपातल्या प्रौढांना डेक्सामेथासोनने फायदा झाला; मलावीत ना मुलांना झाला, ना मोठ्यांना. म्हणून साथीत ते सरसकट देत नाहीत.

"गरीब देशात साथ यायचीच," हे तर मला मुळीच पटत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, मेंदूज्वराच्या 'ए' गटाच्या जिवाणूवरची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये द्यायला सुरुवात झाली. तेव्हा एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा खात्रीशीर रुग्ण नोंदलेला नाही. इतर गट उरले होते. त्यांच्यासाठीची पाच गटांची लसही पुण्यातलीच, आणि २०२४ मध्ये ती पहिल्यांदा नायजेरियाने वापरली.

शेवटचा समज घरी जाताना दिसतो: ताप उतरला, मूल खेळायला लागलं, म्हणजे झालं. वाचलेल्या पाचांपैकी साधारण एकाला काही ना काही कायमचा त्रास राहतो, आणि त्यात बहिरेपणा फार आढळतो. लहान मूल ऐकू येत नाही असं सांगत नाही, हाकेला ओ देत नाही एवढंच. घरी सोडताना किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत कानांची तपासणी व्हायला हवी, कारण काही मुलांच्या आतल्या कानात लवकरच हाड भरू लागतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं.